रिकामा परत आलेला खोका

मी खोका बोलतोय. संत्र्यांचा, लाकडी. मला फार बोलायची सवय नाही. साठ वर्षांहून जास्त काळ गप्प राहिलो. आज तोंड उघडलं, कारण ज्या घरात पडलोय तिथं दुसरं बोलणारं कुणी उरलं नाही.

अजून कधीतरी एखादा पिकल्या केसांचा चाहता डोंगर चढून येतो. खिडकीतून डोकावतो, सोबत्याला म्हणतो, "आसागिरी नामी याच खोक्यावर उभी राहून गायची." खरं आहे. पण मी नामीचा खोका नाही. मी सेइके तोराइचीचा खोका. ते आधी समजून घ्या, मग पुढचं ऐका.

आमचं गाव शिओमे. समोर समुद्र, मागं लगेच डोंगर. सपाट जागा म्हणाल तर रस्त्यापुरती. डोंगराला पायऱ्यांसारखे दगडी बांध, आणि पायरीपायरीवर संत्र्यांची झाडं. आमच्याकडं म्हणतात, संत्र्याला तीन उन्हं लागतात. एक आभाळातलं, एक समुद्रावरून उडालेलं आणि एक दगडांतून परतलेलं. तोराइचीच्या संत्र्यांना चौथंही लागायचं. त्याची नजर.

त्यानं मला १९६०च्या थंडीत बनवलं. तेव्हा गावात सगळेच खोके ठोकायचे. पातळ फळ्या, आठ-दहा खिळे, की झाला खोका. असले खोके फळं घेऊन ओसाकाच्या बाजारात जायचे आणि तिकडंच कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी तापवून संपायचे. त्यांना मी भाऊ मानत नाही. तोराइचीनं आम्हा बारा जणांसाठी जाड फळ्या निवडल्या, रंधा मारला, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. मग लोखंड तापवून प्रत्येकाच्या अंगावर घराची खूण उमटवली. डोंगराची टोपी आणि खाली एक आडवी रेघ. चटका बसला तेव्हा धूर निघाला. त्या धुराचा वास अजून आठवतो.

आम्ही जाऊन परत येणारे खोके होतो. तोराइची आम्हाला होडीत घालून पलीकडच्या किनाऱ्यावर, बेप्पूला, हिरामात्सु नावाच्या फळवाल्याकडं न्यायचा. भरलेले ठेवायचा, आधीचे मोकळे उचलायचा. मोकळे म्हणजे रिकामे नव्हेत. आमच्याकडं कुणाचं भांडं, कुणाचा खोका रिकामा परत करत नाहीत. सुकी तारली घालतात, मिठाची पुडी घालतात. काहीच नसलं तर एक काडेपेटी. वस्तू केवढी याला किंमत नाही. आत काहीतरी आहे, याचा अर्थ नातं चालू आहे. खोका रिकामा आला तर समजायचं, संपलं.

एका वर्षी हिरामात्सुकडून खोके रिकामे आले. एकूण एक. त्यात मीही होतो. तोराइचीनं प्रत्येकात हात घालून पाहिलं आणि त्यानंतर बेप्पूच्या दिशेनं होडी नेली नाही.

शेजारची ओत्सुने म्हणाली, "अरे, जाऊन विचार तरी. तीन तासांचं पाणी आहे, तीनशे कोस नाही."

"खोक्यानं सांगितलं ते पुरे."

मला तेव्हा अभिमान वाटला होता. मालकानं माझ्या शब्दावर एवढा विश्वास ठेवला म्हणून. मी काही बोललोच नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तोराइचीला एकच मुलगी. फुसाए. तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली. थंडीत गावातल्या बायका शेडमध्ये बसून फळं निवडायच्या, मोठी इकडं, बारकी तिकडं. फुसाए त्यांच्यात लुडबुडायची. एक दिवस तिनं मला पालथं घातलं, वर चढली आणि बायका जे गाणं गुणगुणत होत्या तेच खणखणीत गायला लागली. बायकांचे हात थांबले. तोराइची दारात आला.

"उतर. तो फळांचा खोका आहे."

ती उतरली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या तळाला आतून एक जाड पट्टी ठोकली. फळांना त्या पट्टीची काही गरज नव्हती. तेव्हापासून माझं आयुष्य दोन प्रकारांत गेलं. उताणा असलो की फळं, पालथा असलो की गाणं.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा ओत्सुनेनं तिला रबरी बूट घ्यायच्या निमित्तानं शहरात नेलं आणि एका दुकानाच्या उद्घाटनातल्या गाण्याच्या स्पर्धेत उभं केलं. पहिलं बक्षीस मिळालं. विजेवर भात शिजवायचं भांडं. बूट राहिलेच. तोराइचीनं भांड्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.

महिन्याभरात तोक्योहून एक माणूस आला. कुसाका त्याचं नाव. गायक शोधायचे आणि घडवायचे हा त्याचा धंदा. निमुळत्या बुटांनी तो आमच्या बांधांवर दोनदा घसरला.

"सेइके-सान," तो धापा टाकत म्हणाला, "तुमच्या मुलीच्या गळ्यात सोनं आहे."

"घसा आहे," तोराइची म्हणाला. "सर्दी झाली की बसतो."

"मला तीन वर्षं द्या."

"संत्र्याचं कलम लावलं तर फळाला पाच लागतात. तुम्ही तिनात काय पिकवणार?"

ओत्सुने बांधापलीकडं कान लावून होतीच. "जाऊ दे तिला, तोरा-सान," ती ओरडली. "इथं राहिली तर तुझ्यासारखी होईल. एक पुरे आहे गावाला."

एकोणीस दिवस तो बांधांवर फळं तोडत राहिला. विसाव्या दिवशी त्यानं मला रॅकवरून काढलं, वरच्या बांधावरची फळं पानांसकट भरली आणि खांद्यावर घेऊन बसथांब्यावर आला. फुसाए तिथं नव्या कोटात उभी होती.

"हा घे. तुझी उंची कमी आहे. यावर उभी राहा."

"बाबा, तिकडं स्टेज असतं."

"पहिल्या दिवशी कुणाला स्टेज मिळत नाही." बस आली. तो म्हणाला, "काम झालं की खोका घरी आला पाहिजे."

"मी स्वतः आणीन."

तोराइची बरोबर होता. तिकडं नव्या गायकाला रेकॉर्डच्या दुकानापुढं खोक्यावर उभं करतात, हा त्या धंद्याचा रिवाज. कुणी भाजीच्या खोक्यावर, कुणी बिअरच्या प्लास्टिकच्या क्रेटवर. प्लास्टिकला वर कोण उभं आहे ते कळत नाही. मला कळत होतं. ती वरचा सूर लावायची ते माझ्या खिळ्यांपर्यंत यायचं. आणि गाताना ती डावी टाच हलकेच आपटायची. बघणाऱ्याला ते दिसत नसे. फक्त मला माहीत होतं.

नाव बदललं. आसागिरी नामी. बोलणं बदललं. कुसाका म्हणायचा, "ते डोंगरावरचे हेल सोड. तोंड उघडलंस की संत्री दिसतात." केस कापले, दात सारखे केले. मला मात्र कुणी बदललं नाही, कारण माझ्याकडं कुणी पाहिलंच नाही.

पहिल्या दिवशी नऊ जण ऐकत होते. त्यातले तीन बसची वाट पाहत होते. ती खांद्यावर आपल्या नावाची पट्टी घालून चार गाणी गायली, प्रत्येकापुढं वाकली. दुकानदार झाडू घेऊन बाहेर आला. "झालं का? माझं दार अडतंय." तिनं त्याच्यापुढंही वाकून नमस्कार केला आणि मला उचलून पुढच्या दुकानाकडं निघाली. अशी अडीच वर्षं. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं. माझ्यावर ताटली ठेवून ती जेवायची. झोपताना उशी मला टेकवायची आणि फळ्यांचा वास घ्यायची. संत्र्यांचा वास तोवर राहिला नव्हता. तरी घ्यायची.

मग तिचं 'पलीकडचा दिवा' हे गाणं आलं. रेडिओवर कुणीतरी दुपारी वाजवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि महिन्याभरात इस्त्रीवाला, भाजीवाला, शाळेतली पोरं, जो तो तेच गुणगुणायला लागला. कावासाकी शहरातल्या एका दुकानापुढं नेहमीसारखं मला पालथं घातलं. पण समोर रस्ता भरलेला. ती माझ्यावर उभी राहिली तरी मागच्यांना दिसेना. लोक ओरडायला लागले. कुसाकानं एक ट्रक आणवला, मला त्याच्याजवळ सरकवलं आणि म्हणाला, "चढ."

ती माझ्यावर पाय देऊन ट्रकवर चढली. मी तिला एवढंच वर नेऊ शकत होतो. पुढं ती मोठ्या सभागृहांत गेली, टीव्हीत गेली, वर्षाअखेरच्या मोठ्या कार्यक्रमात गेली. खाली उतरली नाही.

मी कुसाकाच्या कचेरीत सामानाच्या खोलीत गेलो. आधी माझ्यात वायरी ठेवल्या, मग कार्यक्रमातले जुने बूट, मग चाहत्यांची पत्रं. तक्रार करत नाही. कामावर होतो.

तोराइची दर डिसेंबरला तिच्या नावानं संत्री पाठवायचा. पुठ्ठ्याच्या पेटीत, कारण लाकडाचे दिवस सरले होते. कचेरीत रोज शंभर भेटी यायच्या. खायचं आलं की कर्मचाऱ्यांत वाटून टाकायचं आणि पाठवणाऱ्याला छापील कार्ड धाडायचं, हा तिथला नेम. कार्डावर नामीचा हसरा फोटो आणि खाली, 'आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार.' पत्ते लिहिणाऱ्या मुलीनं सेइके तोराइची हे नाव दर वर्षी सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत.

फुसाए त्या खोलीत एकदाच आली. बाहेर वीस माणसं तिच्या नावानं धावत होती, आणि ती दार लोटून माझ्या काठावर येऊन बसली. बुटांतून पाय काढले. कुणाच्या तरी टेबलावरून उचललेलं संत्रं सोलून खाल्लं. सालं मुठीत धरून बसली.

"बाबांना फोन करायचा राहतोच," ती म्हणाली. मला म्हणाली, असं मी धरून चाललो. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

दारावर थाप पडली. "नामी-सान, गाडी."

तिनं सालं माझ्यात टाकली, बूट घातले, चेहरा नीट केला आणि गेली. ती सालं माझ्यात वाळून कडक झाली. कुणी काढली नाहीत. बरं वाटलं.

अकराव्या वर्षी कचेरी नव्या इमारतीत हलायची होती. एका माणसानं मला उचलून तिच्या खोलीत आणलं. ती आरशापुढं बसली होती, दोघी जणी तिच्या केसांना लागल्या होत्या.

"हे जुनं लाकूड टाकायचं का?"

तिनं आरशात मला पाहिलं. मान वळवता येत नव्हती. "नको, नको. तो बाबांचा. मी स्वतः नेणार होते." मग म्हणाली, "या वर्षी जमायचं नाही. तुम्हीच घरी पाठवा. आणि नीट पुसून पाठवा हं, अगदी स्वच्छ."

तिच्या मनात मान राखायचा होता. तोक्योत वस्तू परत करायची तर चकचकीत करून करतात. अकरा वर्षं ती तिथं राहिली होती. आरशापुढं एक काडेपेटी पडली होती, हातभर अंतरावर. मी नजर लावून बसलो. फुसाए, ती टाक. काही लिहू नकोस, नुसती टाक. पण लाकडाची नजर कुणाला लागते? त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. आतली वाळकी सालं झटकून टाकली. तेल लावलं. कागदात गुंडाळलं.

मी शिओमेला पोचलो तो दिवस निरभ्र होता. गावच्या फळ-सोसायटीच्या माणसानं मला शेडमध्ये आणून ठेवलं. तोराइचीनं कागद फाडला. खूण ओळखली. एक क्षण त्याचा चेहरा असा झाला, जसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता, नंतरही एकदाच पाहिला. त्यानं आत हात घातला. तळ चाचपला. मला पालथं घालून वरून थापटलं. काही पडलं नाही.

"पुसून पाठवलाय," तो म्हणाला.

ओत्सुने दारात होती. "कार्टीला वेळ नसेल, तोरा-सान. फोन कर."

"खोक्यानं सांगितलं."

त्यानं मला वरच्या रॅकवर ठेवलं, घराची खूण भिंतीकडं करून. त्या डिसेंबरला त्यानं संत्री पाठवली नाहीत. नववर्षाला सोसायटीत फोन आला की सांगायचा, "डोंगरावर आहे म्हण." तिला वाटलं, बाबांनी आपलं गाणं कधीच माफ केलं नाही. त्याला वाटलं, मुलीनं घर मिटवलं. दोघांत एक समुद्र, सहाशे मैल, आणि खरं जाणणारा मी, तोंड भिंतीकडं करून.

अकरा वर्षं.

एकटेपणा माणसांनाच असतो असं समजू नका. शेडमध्ये उंदीर फिरायचे. पलीकडं पोरं बाहेरगावी गेली, एकेक बांध ओस पडला. डोंगरावर माल वाहायला एकरुळी गाडी आली, तिची फटफट ऐकू यायची. ओत्सुनेच्या घरातल्या टीव्हीवर फुसाएचं गाणं लागायचं. तोराइची तेवढ्या वेळापुरता पाणी भरायला अंगणात जायचा. पाणी भरून झालं तरी तिथंच उभा राहायचा. ओत्सुने आवाज मोठा करायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, "पाणी गोड लागलं का रे?"

तो सत्तरी ओलांडून गेला. गुडघे बोलायला लागले. फुसाएचाही बहर ओसरला होता. मोठ्या शहरांतून ती आता गावोगावच्या सभागृहांत गायची. त्या वर्षी आमच्या जवळच्या शहरात नवं सभागृह झालं आणि डिसेंबरात तिचा कार्यक्रम ठरला. ओत्सुनेनं दोन तिकिटं काढली. तोराइचीनं त्याचं तिकीट चहाच्या डब्याखाली ठेवून दिलं.

"येणार नाहीस?"

"मला बोलावलेलं नाही."

त्याच आठवड्यात ओत्सुने कंबर शेकायला बेप्पूच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली. परत आली ती घरी न जाता सरळ शेडमध्ये. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"हिरामात्सु आठवतो? फळवाला?"

तोराइची फळं निवडत राहिला.

"त्याची मुलगी भेटली, आंघोळीला. म्हणाली, तुमच्या गावचे एक सेइके आमच्याकडं यायचे, अचानक बंद झाले. म्हटलं, तुम्हीच खोके रिकामे धाडलेत की. तर रडायलाच लागली. म्हणाली, त्या आठवड्यात आमची आई गेली. घरात प्रेत, बाबा बसून राहिलेले. खोके कुणा हमालानं उचलून दिले. हिरामात्सु सगळी थंडी धक्क्यावर जाऊन तुझ्या होडीची वाट बघत होता, तोरा-सान. मरेपर्यंत म्हणायचा, सेइकेला काय झालं कोण जाणे, भला माणूस होता."

तोराइचीच्या हातात एक संत्रं होतं. ते त्यानं मोठ्यांत ठेवलं. मग उचलून बारक्यांत ठेवलं. मग पुन्हा मोठ्यांत.

"तुझ्या जिभेवर काय सालं वाळत घातलीत?" ओत्सुने म्हणाली. "बोल काहीतरी." आणि निघून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं शिडी लावून मला खाली काढलं. धूळ झटकली, पुसलं मात्र नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी वरच्या बांधावर गेला आणि तिथली फळं पानांसकट आणून माझ्यात भरली. थरावर थर. अकरा वर्षांनी माझ्या तळाला वजन लागलं. तुम्हाला सांगून कळायचं नाही.

बसनं गेलो. ओत्सुने पुढच्या दारानं आत गेली. तोराइची मला घेऊन मागच्या दाराशी. तिथं एक तरुण कर्मचारी उभा होता.

"भेटवस्तू इथं ठेवा, आजोबा. या चिठ्ठीवर नाव लिहा."

"नाव खोक्यावर आहे."

"नाही, म्हणजे पाठवणाऱ्याचं..."

"खोक्यावर आहे." त्यानं माझी खूण दाराकडं केली आणि बसथांब्याकडं चालायला लागला. तिकीट चहाच्या डब्याखालीच राहिलं होतं.

मी फुलांच्या ढिगात पडलो. कुसाका आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं नाही. "संत्री? पोरांना वाटा." नेम तो नेम. माणसं आली, दोन-दोन, चार-चार उचलून गेली. वरचा थर गेला. दुसरा गेला. माझ्या पोटात एकच विचार होता. पुन्हा रिकामा नको. सगळं चालेल, पुन्हा रिकामा नको.

तळाला एक थर उरला तेव्हा मध्यंतर झालं आणि ती आली. अडतीस वर्षांची, दमलेली, जड झग्यातली. दारात थबकली. वास आला तिला.

"ही संत्री कुठली?"

"बाहेरून आली, नामी-सान. गोड आहेत. घ्या ना."

तिनं पान लागलेलं एक फळ उचललं. मग मी दिसलो. झगा सावरायचं विसरून ती खाली बसली आणि माझ्या खुणेवर बोट फिरवलं. रेघ, आणि वर डोंगर.

"कुणी आणली?"

"एक आजोबा होते. नाव लिहा म्हटलं तर म्हणतात, नाव खोक्यावर आहे. जरा विचित्रच."

"कुठं आहेत?"

"गेले."

ती तशीच बसून राहिली. रिकाम्या थरांकडं बघत. मग तळाची उरलेली फळं बघत. अगदी हळू म्हणाली, "मी रिकामा पाठवला होता." तोक्योच्या बोलीत नव्हे. डोंगरावरच्या हेलात.

"नामी-सान, तीन मिनिटं," कुसाका म्हणाला.

तिनं उरलेली फळं ओंजळींनी काढून टेबलावर मांडली. मला उचलून स्वतः स्टेजवर नेलं आणि पालथं घातलं. बाराशे माणसं हसली. त्यांना वाटलं, गंमत आहे. ती माझ्यावर चढली आणि 'पलीकडचा दिवा' गायली. आवाज पूर्वीसारखा नव्हता. डावी टाच मात्र तशीच.

गावात आता सांगतात की दारं उघडी होती आणि गाणं बसथांब्यापर्यंत गेलं, म्हाताऱ्यानं ऐकलं. खोटं आहे. दारं बंद होती. तोराइचीनं काही ऐकलं नाही. बस आली, तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला कडेवर घेऊन एकशे बारा पायऱ्या चढली. ओत्सुने अंगणातून ओरडली, "अगं बाई, बूट घ्यायला गेली होतीस ना? बावीस वर्षं लागली होय!" तिनं नुसता हात हलवला. बोलण्याइतका श्वास नव्हता.

तोराइची शेडमध्ये फळं निवडत होता. त्यानं वर पाहिलं. तिनं मला त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. आत हात घातला.

तळाला काडेपेटी होती.

"मागच्या वेळी राहून गेली, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, पुसून पाठवला की झालं. मी विसरले. एवढंच. नुसती विसरले."

त्यानं पेटी कानाशी धरून हलवली. "भरलेली आहे," तो म्हणाला. त्यानं ती पुन्हा माझ्यात ठेवली. मग माझ्याकडं बघत, तिच्याकडं नव्हे, तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

त्याच्यासारख्या माणसानं हे म्हणणं म्हणजे डोंगर हलला. तो चेहरा मी दुसऱ्यांदा पाहिला.

"जेवलीस?"

"नाही."

त्यानं भाताचं भांडं लावलं. तेच, स्पर्धेतलं. दुपारी तिची गाडी आली आणि ती गेली. जाणार होतीच. त्या थंडीपासून पेट्या पुन्हा तोक्योला जायला लागल्या. छापील कार्डं बंद झाली.

ते जेमतेम दोन वर्षं चाललं. तोराइची फेब्रुवारीत गेला. ती तेव्हा उत्तरेत साप्पोरोला गात होती, बर्फानं विमानं बंद होती. त्या धंद्यात म्हणतात, गाणाऱ्याला आईबापाचं शेवटचं दर्शन नसतं. आधी मला हे बोलणं माजोरडं वाटायचं. आता वाटत नाही.

मग ओत्सुनेही गेली. तिच्या घराचं छप्पर बसलं. बांधांवर रानगवत माजलं, रानडुकरं येतात. या घरात आता तोराइचीचा फोटो आहे, त्याच्यापुढं मी. पिकल्या केसांचा चाहता येतो तो वर्षा-दोन वर्षांतून. मी फुटलो नाही, सडलो नाही. तळाची पट्टी अजून घट्ट आहे.

ती दर फेब्रुवारीला येते. अडुसष्ट वर्षांची आहे. आता कुणी गाडी घेऊन थांबत नाही. माझ्यातली काडेपेटी काढते, एक काडी ओढते, बापापुढं उदबत्ती लावते आणि पेटी पुन्हा माझ्यात ठेवते. मी रिकामा राहू नये म्हणून. मग माझ्यावर नाही, जमिनीवर बसून एकच गाणं म्हणते. बायका शेडमध्ये म्हणायच्या ते.

चाळीस काड्या होत्या. अकरा उरल्या.

तुम्हाला उपदेश करावा एवढी माझी पायरी नाही. मी खोका आहे. तरी एवढं ऐका. कुणाचं भांडं रिकामं परत करू नका. आणि तुमचं भांडं कधी रिकामं आलंच, तर भांड्याला विचारू नका. ते मुकं असतं. माणसाला विचारा. लवकर विचारा.

जानेवारी संपत आला. वाट बघत नाही, असं म्हणणार होतो. पण खोटं बोलायची मला सवय नाही.